धगीवरची बेटे (भाग ४) : निसिरोस, जात्यांच्या दगडाचे बेट

मागच्या भागातल्या सांतोरिनीत ज्वालामुखीचे मुख समुद्राने भरून टाकले आहे. निसिरोसमध्ये मात्र माणूस त्या मुखात पायी उतरतो.

कोस बेटाच्या कार्दामेना बंदरातून निघालेली बोट तासाभरात मांद्राकीच्या धक्क्याला लागते. तिथून बस डोंगर चढते आणि कॅल्डेरात उतरते. कॅल्डेरा म्हणजे उद्रेकानंतर माथा आत खचून झालेली अवाढव्य कढई. अख्खे बेट जेमतेम ८ किलोमीटर रुंद, त्यात ही कढईच सुमारे ४ किलोमीटरची! तळाशी स्तेफानोस नावाचे विवर आहे. गंधकाने पिवळी पडलेली जमीन, भेगांतून फुसफुसणारी वाफ आणि सडक्या अंड्यांचा वास.

ग्रीकांनी या फुसफुसण्याची कथा रचली. देव-दैत्यांच्या युद्धात पोसायडनने त्रिशूळाने कोसचा लचका तोडला आणि पळणाऱ्या पॉलिबोटीसवर भिरकावला. तोच तुकडा म्हणजे निसिरोस. खाली दबलेला दैत्य अजून धापा टाकतो आहे.

ही कथा सांगणारा भूगोलकार स्ट्रेबो लगेच व्यवहारावर येतो. इथला दगड जात्यांचा, शेजारपाजारचे लोक जाती इथूनच नेतात, अशी त्याची नोंद आहे. खरखरीत लाव्हा दळायला उत्तम. मांद्राकीच्या वर पालेओकास्त्रोची तटबंदी उभी आहे, तीही याच काळ्या दगडाची; इ.स.पू. चौथ्या शतकातली, चुना न वापरता चिरे बसवलेली.

एवढ्याशा बेटाला धनी मात्र अनेक लाभले. इ.स.पू. ४८० मध्ये निसिरोसची माणसे हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया हिच्या हाताखाली, म्हणजे इराणच्या झर्क्सिसच्या बाजूने लढली. पुढे ऱ्होड्सचे सरदार आले, १५२२ नंतर उस्मानी तुर्क, १९१२ मध्ये इटली. ग्रीसमध्ये बेट सामील झाले ते थेट १९४८ मध्ये.

दगडाचा धंदा आजही चालू आहे, फक्त दगड बदलला. शेजारच्या याली बेटावर प्युमिसची खाण आहे. टाच घासायच्या वज्रीसारखा हा सच्छिद्र, हलका दगड बांधकामासाठी जहाजांनी बाहेर जातो आणि खाणीचे भाडे निसिरोसच्या नगरपालिकेला मिळते.

जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करण्याचा बेत मात्र बारगळला. १९८०च्या दशकात दीड हजार मीटरहून खोल विहिरी खोदल्या, ३०० अंशांपेक्षा अधिक तापमान सापडले. पण प्रदूषणाच्या धास्तीने गावकरी विरोधात उभे राहिले.

दैत्य अधूनमधून कूस बदलतो. १८७१ ते १८७३ आणि पुन्हा १८८७ मध्ये वाफेचे स्फोट झाले. १९९६-९७च्या भूकंपांत मांद्राकीतल्या घरांना तडे गेले. आता भूकंपमापके लावलेली आहेत, आणि कढईच्या काठावरच्या निकिया गावात ज्वालामुखीचे संग्रहालय आहे.

पुढच्या आठवड्यात मिलोस : लोखंड माहीत नसलेल्या माणसांनी जिथून काळ्या काचेची पाती नेली, ते बेट.