कानाला दडे

सकाळी ९. दवाखान्याचं शटर वर करते तोच पाचगणीहून वाईला उतरलेल्या आजी दारात. "पसरणीचा घाट उतरला की कानाला दडे बसतात, डॉक्टर. आवंढे गिळून थकले." घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो. कान आणि घसा जोडणारी साडेतीन सेंटिमीटरची युस्टेशियन ट्यूब गिळताना क्षणभर उघडून तो सारखा करते. आजींना सर्दी होती, नळी सुजलेली. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या मात्र मी बंद केल्या, कारण रक्तदाब १७० होता आणि त्या गोळ्यांनी तो आणखी चढतो. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला आणि सर्दी असेपर्यंत घाट टाळायला सांगितलं.

१०.३०. निवृत्त गुरुजी. स्वतःचाच आवाज कानात घुमतो, आडवं झालं की थांबतो. आजारपणात आठ किलो वजन उतरलेलं. पडदा श्वासागणिक आतबाहेर हलताना दिसला. यांची नळी उघडीच राहते. दडा सोडवायची औषधं इथे उलटी पडतात. वजन भरून येऊ द्या, पाणी भरपूर प्या.

११.१५. अडुसष्ट वर्षांचे आजोबा. फक्त उजव्या कानाला दडा, दोन महिने. घरच्यांनी "वय झालं" म्हणून कोमट तेल घातलं. हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. वयानं ऐकू कमी येतं ते सहसा दोन्ही कानांनी. पडदा मधासारखा पिवळसर, मागे पाण्याची रेघ आणि दोन बुडबुडे. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला, आवाज उजवीकडे गेला. टिंपॅनोमेट्रीचा आलेख सपाट. सर्दी नाही, अ‍ॅलर्जी नाही. म्हातारपणी एकाच कानात पाणी साचलं, तर नाकामागची जागा पाहिल्याशिवाय मी रुग्णाला घरी पाठवत नाही.

"कान दुखत नाही, मग नाकात नळी कशाला?"

"आजोबा, कानाचं दार तिथे उघडतं."

नाक बधिर करून दुर्बीण आत घातली. कानाच्या नळीचं डावं तोंड स्वच्छ. उजव्या तोंडाशेजारी खडबडीत गाठ, टोकाला रक्ताचा ठिपका.

दुपारी ४. इतर पाच रुग्ण. तिघांचा नुसता मळ.

संध्याकाळी ७. आजोबांच्या मुलाला फोन केला. उद्या साताऱ्याला सीटी स्कॅन, मग गाठीचा तुकडा तपासायचा. "कॅन्सर का?" त्यानं विचारलं. म्हटलं, शक्यता आहे, म्हणूनच उद्या. बाबांना काय सांगू, म्हणाला. मीच सांगते म्हटलं, सकाळी नऊला दोघे या.