साप घरात का येतो?

मे महिना आला की कुर्ला टर्मिनसवर गावी जाणाऱ्यांची झुंबड उडते. कोणी रत्नागिरीला निघालेला असतो, तर कोणी उत्तर प्रदेशात आजोळी. शाळा उघडल्यावर मुले गावच्या गोष्टी सांगतात. त्यांत एखादी तरी सापाची असतेच. "सर, नानीच्या पडवीत एवढा मोठा साप निघाला. मामूंनी काठीने मारला." मी विचारतो, "कोणता होता?" उत्तर ठरलेले असते, "ते माहीत नाही, पण विषारीच असणार!"

विद्यार्थी मित्रांनो, विषारी सापाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारी होती. जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले. तेव्हा साप घरापासून दूर ठेवायलाच हवा. पण तो मारून दूर राहतो का?

याचा एक जुना दाखला कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे नावाचा लहानसा, पण अत्यंत विषारी साप फार आढळतो. इंग्रज सरकारने फुरसे मारून आणणाऱ्यास बक्षीस देण्यास सुरुवात केली. डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत लोकांनी एक लाखाहून अधिक फुरशी मारली. आज दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. रत्नागिरीच्या कातळावर फुरसे अजूनही आहेच. लपायला दगड आणि खायला भक्ष्य असेल, तर एकाच्या जागी दुसरे येते.

साप माणसाला शोधत येत नाही. तो उंदरामागे येतो, आणि उंदीर धान्यामागे येतो. म्हणून सुरुवात सापापासून नव्हे, तर भाताच्या कणगीपासून करावी. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे. उष्टे-खरकटे आणि मासळीचा कचरा दाराशी टाकू नये. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या जागेपासून लांब आणि जमिनीपासून उंच असावे. उंदरांसाठी विष न ठेवता पिंजरा लावावा. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर तेही मरते, आणि फुकटचे राखणदार आपण गमावतो.

दुसरी गोष्ट लपण्याच्या जागांची. कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा आणि शेणी घराच्या भिंतीला लागूनच रचतात. पावसात ते कोरडे राहते, हे खरे. पण सापालाही अशीच कोरडी, अंधारी जागा हवी असते. लाकडे घरापासून थोड्या अंतरावर, फळ्यांवर उंच रचावीत. गडग्याच्या दगडांतील फटी निदान घराजवळ तरी चिखलाने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. अंगणातले गवत कापावे. कौलांवर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. एवढे काम घरातली दोन मुले रविवारच्या दिवशी करू शकतात. मात्र जुना ढीग उपसताना हात घालू नये, लांब काठीने हलवावा.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाचा फणा सर्वांना माहीत आहे. घोणस जाड असते, तिच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. उर्दूत आणि हिंदीत तिला दबोया म्हणतात. तोच शब्द शास्त्रज्ञांनी तिच्या शास्त्रीय नावात घेतला आहे. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेली मण्यार म्हणजे आपला करैत. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोटदुखीने, किंवा उठतच नाही. म्हणून गावी गेल्यावर शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी येथे दुहेरी कामाला येते. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायांत बूट असावेत.

काही लोक घराभोवती कार्बोलिक आम्ल, फिनेल किंवा लसूण टाकतात. यांनी साप हमखास अडतो, असे मुळीच नाही. बिळात रॉकेल ओतणे किंवा धूर करणे तर क्रूरपणाचे आहे. शिवाय बिळातला चवताळलेला साप घरातही शिरू शकतो. झाडांभोवती नायलॉनची जाळी लावली, तर त्यात बिचारी धामण अडकून मरते. धामण बिनविषारी असते आणि भरपूर उंदीर खाते. तरी दरवर्षी कितीतरी धामणी नाग समजून मारल्या जातात!

इतके करूनही साप घरात आला तर? मुलांना आणि जनावरांना बाजूला करा. बाहेरचे दार उघडे ठेवून दूर उभे राहा. वाट मिळाली तर तो बहुधा निघून जातो. एकाने लांबूनच त्याच्यावर नजर ठेवावी. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. काठी उगारणाराच सापाच्या सर्वांत जवळ असतो, हे मामूंना सांगायला हरकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या सापांना मारणे गुन्हाही आहे.

दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. मांत्रिकाकडे नेऊ नये. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. मारलेला साप डॉक्टरांना दाखवावा लागतो, ही चुकीची समजूत आहे. डॉक्टर रुग्णाची लक्षणे पाहून उपचार ठरवतात, आणि वरील चारही सापांच्या विषावर एकच औषध चालते.