व्याकरण ओळखीचं, शब्द परके

जपानी शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांत सुखद धक्का बसतो. वाक्यं फारशी जड जात नाहीत. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. आणि ‘ओ’, ‘नि’, ‘दे’ ही अक्षरं आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखी शब्दाच्या मागे येणारी. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो, तर जपानीत ‘ताबेते मिरु’ची घडण तीच, आणि त्यातलं ‘मिरु’ म्हणजे बघणंच. खाऊन टाकायचं असेल तर ‘ताबेते शिमाउ’. इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थी इथे घाम पुसत असतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपली कुणी ओळखपाळख नाही. इंग्रजीतून जपानीत गेलेले शब्द सोडले, तर बाकी सगळं कोरं पाठ करायचं. म्हणून ‘आधी व्याकरण पक्कं करा, शब्द येतील मागून’ हा सल्ला आपल्याला कितपत लागू पडतो, याची मला शंका आहे. पुण्यात जपानीचे वर्ग भरपूर आहेत, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही आहे. ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागातले २५ धडे घडाघड पुढे सरकतात, आणि दहाव्या धड्यातले शब्द पंधराव्यापर्यंत पुसले जातात. साधन शोधायचं ते या दुखण्यावर.

हे पुसलं जाणं पहिल्यांदा मोजलं हेर्मान एबिंगहाउसनं. या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ केल्या, किती वेळात किती विसरलं याची नोंद ठेवली आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरणं आधी झपाट्यानं होतं, मग मंदावतं, हे त्यात दिसलं. त्याहून कामाचं निरीक्षण वेगळंच होतं. बारा अक्षरांच्या माळेवर एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधलं. घोकंपट्टी तीच, पण मध्ये अंतर ठेवल्यामुळे जवळपास निम्म्यावर आली.

झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेलं कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये हेच गणित संगणकावर नेलं. त्यांच्या सूत्रात पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी आणि पुढे प्रत्येक अंतर सुरुवातीला अडीचपट. म्हणजे १, ६, १५, ३८, ९४ दिवस. न चुकता आठवलेला शब्द पाच महिन्यांत पाचदाच समोर येतो. ‘आन्की’ हे आज खूप वापरलं जाणारं मोफत साधन (आयफोनवर तेवढे पैसे पडतात) याच सूत्रावर उभं राहिलं. २००६ मध्ये ते लिहिणारे डेमियन एल्म्स स्वतः जपानी शिकत होते.

अंतराइतकंच महत्त्व आठवण्याच्या खटपटीला आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रॉडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. एकदा जमलेल्या शब्दांचीही परीक्षा घेत राहिलेल्या गटाला आठवड्यानं सुमारे ८० टक्के आठवले. जमलेले शब्द नुसते पुन्हा पाहणाऱ्यांना एक-तृतीयांशाच्या आसपास. म्हणूनच चार पर्यायांतून उत्तर टिचकवायला लावणारी रंगीबेरंगी अ‍ॅप्स मला विरंगुळ्यापुरती ठीक वाटतात. उत्तर ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कार्डावर लिहायचं काय? खरी मेख इथे आहे, आणि व्याकरणाशी गाठही इथेच पडते. ‘किरु’, ‘हाकु’, ‘काबुरु’ ही तीन कार्डं घ्या. मराठीत तिन्हींच्या मागे ‘घालणे’ लिहावं लागेल, कारण आपण शर्ट घालतो, बूट घालतो, टोपीही घालतो. जपानीत शर्ट ‘किरु’, बूट ‘हाकु’ आणि टोपी ‘काबुरु’. चष्म्याला आणखी चौथंच क्रियापद. मराठीकडून जपानीकडे जाताना ही कार्डं निरुपयोगी ठरतात. त्यांवर ‘कुत्सु ओ हाकु’, ‘बोशि ओ काबुरु’ असं वस्तूसकट लिहिलं की गोंधळ मिटतो.

दाराचंही तसंच. ‘दार उघडलं’ म्हणजे आपोआप उघडलं की कुणी उघडलं, हे मराठीत मागच्यापुढच्यावरून कळतं. जपानीत आपोआप उघडणारं ‘दोआ गा आकु’ आणि कुणीतरी उघडायचं ‘दोआ ओ आकेरु’. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आपल्याकडेही आहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही; नेमकं ‘उघडणे’ दगा देतं. कार्डावर ‘गा’ किंवा ‘ओ’ असेल, तर एका शब्दाबरोबर व्याकरणाचा एक नियमही उजळला जातो.

आयत्या कार्डसंचांत हे क्वचितच जमतं. त्यातले अर्थ बहुधा इंग्रजीत, म्हणजे जपानी ते मराठी व्हाया लंडन. वारंवारतेनुसार लावलेल्या याद्यांतही ती वारंवारता कुठे मोजली ते पाहावं. वर्तमानपत्रांत मोजलेली असेल तर चमच्याआधी संसद येते. जेएलपीटीच्या एखाद्या स्तराची, म्हणजे ‘एन-४ ची अधिकृत शब्दयादी’ या दाव्यावर तर विश्वासच ठेवू नये. २०१० मध्ये परीक्षेचे पाच स्तर झाले, तेव्हापासून आयोजक अशी यादी प्रसिद्धच करत नाहीत. माझी पसंती धड्याबरोबर स्वतः बनवलेल्या कार्डांना, मराठी अर्थ आणि धड्यातल्याच वाक्यासकट. शब्दकोश म्हणून ‘जिशो’ उत्तम आहे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, नुसत्या पाठ करण्याऐवजी त्याच शब्दांतून शिकाव्यात. नेहमीच्या वापराच्या यादीत २,१३६ आहेत, आणि एकेकीचे उच्चार शब्दागणिक बदलतात.

रोज किती? आन्की मुळात रोज २० नवी कार्डं देतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला ती झेपत नाहीत. गणपतीत चार दिवस खाडा झाला की उजळण्यांचा डोंगर साचतो आणि तिथेच बरेच जण साधनाला रामराम ठोकतात. आठ-दहा पुरेत. एखादं कार्ड पाठ झाल्यावरही आठदा विसरलं, तर आन्की त्याच्यावर ‘जळू’ अशी खूण करतं. तिच्याशी झुंजत बसू नये. वाक्य बदलून पाहावं. तरी चिकटली नाही तर सरळ काढून टाकावी. शब्द गरजेचा असेल तर पुढच्या एखाद्या धड्यात तो पुन्हा भेटेलच.