वीतभर खोलीपर्यंतचं यंत्र

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याशी, रातोरात शेतं उकरली जाऊ लागली. मातीत मोगली नाणी निघाल्याची बोलवा उठली होती, त्यातच ‘छावा’ चित्रपटात बुऱ्हाणपूरचं नाव आलेलं. लोक विजेऱ्या आणि चाळण्या घेऊन उतरले, काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, त्यामुळे आशा अगदीच निराधार नव्हती. पण त्या यंत्राला जमिनीखालचं नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे ठाऊक असतं तर कितीतरी खड्डे वाचले असते.

दांड्याच्या टोकाला जी तबकडी असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. तिथे धातू असला तर त्यात इवले प्रवाह गरगरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. हेडफोनमध्ये येणारा आवाज हा त्याचाच. अडचण अशी की हे क्षेत्र खाली जाताना विरतं आणि वर परततानाही विरतं. लहान वस्तू दुप्पट अंतरावर गेली की परतणारा संकेत सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो. म्हणून रुपयाएवढं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत सापडतं, चांगल्या यंत्राला आणि चांगल्या मातीत थोडं अधिक. नाण्यांनी भरलेला हंडा त्याहून खोल असला तरी लागतो. वीस-तीस मीटरवरचं सोनं दाखवणारी म्हणून जी यंत्रं विकली जातात, त्यांच्या दाव्याला भौतिकशास्त्रात कसलाही आधार नाही.

माती चांगली असणं हेही आपल्याकडे सोपं नाही. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, कोकणचा जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला. अशी जमीन स्वतःच संकेत देते आणि लहान नाणं त्या गोंगाटात बुडून जातं. समुद्राकाठच्या ओल्या, खाऱ्या वाळूतही तेच. ‘पल्स इंडक्शन’ जातीची यंत्रं अशा ठिकाणी जास्त टिकाव धरतात, पण खिळा कोणता आणि अंगठी कोणती हे सांगण्यात ती कच्ची असतात.

ओळख पटवण्यात इतर यंत्रंही फसतात. पडद्यावर जो आकडा दिसतो तो वस्तूची वाहकता, आकार आणि जाडी यांच्या मिश्रणातून येतो. चांदीचा रुपया वरचा आकडा देतो, लोखंडी खिळा खालचा. सोन्याची अंगठी मात्र पेयाच्या डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कडीशेजारी येऊन बसते. कडी टाळायची सोय वापरली की अंगठीही टळते. लोखंड टाळलं की खिळ्यांबरोबर बाणाची पातीही जातात. वयाबद्दल तर यंत्र अवाक्षर काढत नाही. आणि खापरं, मणी, शंखाच्या बांगड्या, हाडं, चुलीची राख, जळलेलं धान्य यांच्यावरून ते मुकाट पुढे सरकतं. इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती आपल्याला कळली ती मुख्यतः अशाच वस्तूंमधून.

मग हे यंत्र पुरातत्त्वाच्या कामाचंच नाही का? आहे, फार कामाचं आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ जून १८७६ रोजी लाकोटा आणि शायान या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या घोडदळाचा पाडाव केला. कस्टरच्या तुकडीतलं कोणीही वाचलं नाही, त्यामुळे शौर्यकथा मनसोक्त रचल्या गेल्या आणि लढलेल्या योद्ध्यांच्या साक्षी बाजूला पडल्या. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना डिटेक्टर देऊन रांगेत चालवलं. आवाज आला की तिथे फक्त निशाण रोवायचं. मागून येणारी दुसरी माणसं हळूच खणत, वस्तू जागेवरच ठेवत, आणि तिसरी तुकडी तिची जागा मोजून घेई. मग काडतुसांच्या पुंगळ्या गुन्हे प्रयोगशाळेच्या पद्धतीने तपासल्या गेल्या, कारण बंदुकीच्या पिनेचा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या दूरदूर सापडल्या की ती बंदूक कुठून कुठे गेली ते नकाशावर दिसू लागे. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या, तर योद्ध्यांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टरसारख्या झटपट झाडता येणाऱ्या बंदुकाही होत्या, हे मातीनेच सांगितलं. डावलल्या गेलेल्या साक्षींना १०८ वर्षांनी पुरावा मिळाला. त्याच पुंगळ्या कुणी पिशवीत भरून नेल्या असत्या तर त्या निव्वळ जुना धातू ठरल्या असत्या.

इंग्लंडमध्ये फ्रोमजवळच्या शेतात एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला संकेत मिळाला. थोडं खणताच मडकं आणि रोमन नाणी दिसली. त्याने हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. मला या साऱ्या छंदातली ही सर्वांत मोठी कृती वाटते. मडक्यातली ५२,५०३ नाणी थराथराने काढली गेली. त्यांतली सर्वांत अलीकडची, कारॉसियस या राजाची, बहुतेक नाणी निम्म्याच्याही खाली होती. म्हणजे हा वर्षानुवर्षं भरत गेलेला साठा नव्हता, सगळी नाणी एकदाच ओतली गेली होती. मडकं इतकं पातळ की भरल्यावर ते उचलणंच अशक्य. रिकामंच पुरून मग भरलेलं हे द्रव्य कदाचित देवाला वाहिलेलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. वस्तू जिथे आहे तिथे राहू देऊन कळवलं, तर त्या वर्दीचं मोल कैक पटींनी वाढतं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार अप्रतिम धातुशिल्पं निघाली. एकत्रित वजन ६० किलोहून अधिक. पुरातत्त्वज्ञ पोचेपर्यंत ती मातीबाहेर आली होती. ती उत्तर हडप्पा काळातली आहेत की बऱ्याच नंतरची, याचा वाद अजून मिटलेला नाही.