होडी शाकारताना

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जा. वाळूत वर चढवलेल्या होड्यांची रांग दिसेल. कुणी तळ खरवडतो आहे, कुणी बांबू उभे करतो आहे. पाहणाऱ्याला वाटतं, समुद्र खवळणार म्हणून होडी वर घेतली, आता काम संपलं. पण निम्मं काम तिथूनच सुरू होतं. समुद्रापासून वाचवलेली होडी आता पावसापासून वाचवायची असते.

आमचे वडील म्हणायचे, "होडी खाऱ्या पाण्यात जगते, गोड्या पाण्यात मरते." त्यात मोठं शास्त्र आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला मीठ मानवत नाही. पूर्वी युरोप-अमेरिकेतले कारागीर जहाजाच्या सांगाड्यातल्या फटींत मुद्दाम मीठ भरून ठेवत, ते याचसाठी. पावसाचं पाणी मात्र गोडं. ते सांध्यांत मुरून राहिलं, की बुरशीला रान मोकळं मिळतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला, तर ती वाढू शकत नाही. होडी शाकारण्याची सगळी धडपड एवढ्यासाठीच असते.

पहिली गोष्ट वेळेची. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी २०१५ पासून आहे. पण वादळ तारीख पाहून येत नाही. 'तौक्ते' २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावरच किनाऱ्याजवळून गेलं, तर 'निसर्ग' ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं. म्हणून मेमधल्या अमावास्या-पौर्णिमेचं उधाण साधून होडी वर घ्यावी. भरतीचं पाणीच तिला निम्म्या वाटेवर आणून सोडतं. मात्र तिथेच थांबू नये. पावसाळ्यातलं उधाण वाऱ्याच्या जोराने आणखी वर येतं.

वर आल्यावर तळाचं शेवाळ आणि चिकटलेल्या शिंपल्या ओल्या असतानाच खरवडाव्यात. वाळल्या, की त्या दगडासारख्या होतात. लाकूड आतून पोखरणारा समुद्री किडा खाऱ्या पाण्याबाहेर फार दिवस तग धरत नाही, तेव्हा तळ चांगला सुकू देणं हेच त्यावर औषध. मग सांध्यांतला सुटलेला कापूस बदलायचा, राळ भरायची, तेलाचा हात द्यायचा.

आता होडी ठेवायची कशी? वाळूवर टेकवून कधीच नाही. खाली आडवी लाकडं, दोन्ही बाजूंना टेकू, आणि नाळ थोडी उंच. तळाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी मागच्या बाजूने निघून जातं.

आच्छादनाच्या बाबतीत आम्ही एकदा चांगलेच फसलो. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप घालत असू. एका वर्षी नवी कोरी ताडपत्री आणली आणि थेंबभर पाणी आत जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी आवळून बांधली. नारळी पौर्णिमेच्या आधी सोडली, तर आतून कुबट वास! वरून पाऊस आला नव्हता, पण आतली दमट हवा कोंडली होती आणि ताडपत्रीला खालून घाम सुटून तो लाकडावर ठिबकत होता. तळाजवळच्या दोन वाकांत बोट रुतत होतं. वडील काहीच बोलले नाहीत. सुताराला बोलावणं गेलं, आणि हंगामाचे पहिले पंधरा दिवस आमची होडी किनाऱ्यावर आणि बाकीच्यांच्या समुद्रात. झापातून वारा खेळायचा, ते त्याचं खरं मोल होतं. ताडपत्री जरूर वापरा, पण बांबूच्या कण्यावर उंच, उतरती बांधा आणि नाळेकडची व मागची तोंडं उघडी ठेवा.

इंजिनाचं गणित बरोबर उलटं. लाकडाला राखणारं मीठ लोखंडाला खातं. म्हणून बाहेर लावायचं इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवून आतलं खारं पाणी धुऊन काढावं. डिझेलची टाकी रिकामी न ठेवता भरून ठेवावी, नाहीतर मोकळ्या जागेतल्या हवेची वाफ थंड होऊन पाणी डिझेलमध्ये उतरतं. जुनं ऑइल बदलावं, बॅटरी घरी न्यावी. फायबरची होडी कुजत नाही, पण पाणी साचलं तर त्या वजनाने वाकते, तडकते. तिलाही टेकू आणि उघडं बूच हवंच. नायलॉनची जाळी कुजत नाहीत, पण ऊन आणि उंदीर त्यांचे वैरी. ती माळ्यावर टांगावीत.

आणि हे सगळं करून विसरून जाऊ नये. मोठा पाऊस पडून गेला, की एक फेरी मारावी, टेकू खचले का पाहावं, ताडपत्रीत साचलेलं पाणी सांडून टाकावं, आत हात घालून वास घ्यावा. वडील छत्री घेऊन रोज संध्याकाळी जात. ते होडीभोवती नुसतेच हिंडतात असं आम्हाला वाटे. त्या एका ताडपत्रीनंतर आता मीही जातो.