ढिगाची माती वावरात येऊ नये म्हणून



खापरखेडा, भानेगाव, गोंडेगाव हा आपला कोळशाचा पट्टा. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला ढीग घालतात. ढिगाखाली ज्यांचं वावर आहे, त्यांना मृगाची चाहूल लागली की एकच काळजी असते : यंदा पाण्याबरोबर काय वाहून येणार?

एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 2 लाख लिटर पाणी होतं. गवताखालची जमीन यातलं बरंच पाणी पिते. उघडा ढीग थोडंच पितो; बाकीचं पाणी उतारावरून धावतं. आधी बोटाएवढ्या रेघा पडतात, मग घळी होतात. खाली आलेला बारीक गाळ काळ्या जमिनीवर साचून वाळला, की त्याची पापडी धरते. तिच्याखाली बियाणं गुदमरतं. नालाही उथळ होतो आणि पुढच्या पावसात पाणी धुरा फोडून आत शिरतं.

ढिगावर काय असावं?

2017 च्या कोळसा खाण नियमांप्रमाणे ढिगाचा उतार साडेसदतीस अंशांपेक्षा उभा नसावा. ढीग 30 मीटरपेक्षा उंच असेल तर त्याला टप्पे पाडावे लागतात. शिवाय ही कामं हवीत :

1. टप्प्याचा उतार आतल्या बाजूला असावा. बाहेर असला तर पाणी थेट कडेवरून कोसळतं.
2. टप्प्यावरचं पाणी दगडी पिचिंग केलेल्या उतरत्या चरीतून खाली आणावं.
3. पायथ्याशी जाळीतल्या दगडांचा बांध, त्यामागे चर आणि चरीच्या शेवटी गाळ बसण्यासाठी टाकी असावी. टाकी गाळाने भरलेली असेल, तर ती असून नसल्यासारखीच. ती मे महिन्यातच उपसली पाहिजे.
4. उतारावर गवत, करंज, बांबू लावावेत. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्याची मळी आणि उपयुक्त जिवाणू वापरून झाडं वाढवून दाखवली आहेत.

आपण काय करावं?

ढिगाकडच्या धुऱ्यालगत वळणचर काढा. तिला 200 फुटांस साधारण 1 फूट इतकाच उतार द्या; जास्त दिला तर चरच खचत जाते. पाणी नाल्यातच सोडा, शेजाऱ्याच्या वावरात नको. चरीच्या खालच्या अंगाला वाळ्याचे ठोंब वीतभराहून कमी अंतरावर, एका रांगेत लावा. ही रांग पाणी अडवत नाही, फक्त त्याचा वेग मोडते; गाळ मागेच बसतो. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा.

गाळ आलाच तर?

घाईने नांगरून मातीत मिसळू नका. आधी फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. थर सुकला की काढा. मग मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. अहवाल पाहून शेणखत आणि पुढचं पीक ठरवा.

बांध किती महत्त्वाचा, हे आपण जुलै 2022 मध्ये पाहिलं. कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध अतिवृष्टीत फुटला. राखेचं पाणी शिवारात आणि कोलार नदीत गेलं. म्हणून बांधाला भेग, पायथ्याला झिरपा किंवा गढूळ पाणी दिसलं, तर लगेच गावाला, तहसीलला आणि खाणीच्या कार्यालयाला कळवा. जोराच्या पावसात ढिगाखाली थांबू नका, गुरंही बांधू नका.

इंचभर काळी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, वाहून जायला एक रात्र पुरते. तेव्हा पाऊस येण्याआधी एकदा ढिगाच्या पायथ्याशी चक्कर मारून या. एकट्याने नको, चार शेजारी मिळून जा.