चार कोटी अंकांची मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली: जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली! २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. उत्तर ४,१०,२४,३२० अंकी. सेकंदाला एक अंक या वेगाने, डोळ्याला डोळा न लावता वाचत बसलात, तरी ४७४ दिवस पुरायचे नाहीत. ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातल्या ल्यूक ड्युरंट यांचा हा शोध. बातमी खरी, पण मथळ्यातून ‘आजवर सापडलेली’ हे दोन शब्द गळाले. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलं आहे.

युक्लिडची ती सिद्धतेची युक्तीही बरेच जण चुकीची लक्षात ठेवतात. ठाऊक असलेल्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा, की नवी मूळ संख्या तयार! करून बघा: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१. आणि ३००३१ म्हणजे ५९ × ५०९. युक्लिडचं म्हणणं एवढंच, की उत्तराचे मूळ अवयव आपल्या यादीबाहेरचे निघतात. ५९ आणि ५०९ यादीत कुठे होते?

‘२ चा घात वजा १’ या रूपात घातांक मूळ असला की उत्तरही मूळ येतं, हा आणखी एक भ्रम. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ मिळतात, म्हणून विश्वास बसतो. ११ ला गाडी अडते: २०४७ = २३ × ८९. ज्यांच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात ते मर्सेनसुद्धा १६४४ च्या यादीत फसले. ६७ हा घातांक त्यांनी मूळ संख्या देणारा धरला. १८७६ मध्ये लूकास यांनी ती संख्या मूळ नसल्याचं दाखवलं, तेही एकही अवयव हाती नसताना. अवयव पाडले कोल यांनी, १९०३ मध्ये: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

अवयव न शोधता कसं कळतं? लहान सगळ्या संख्यांनी भागून बघत असतील, असं आपल्याला वाटतं. अशा संख्यांसाठीच्या लूकास-लेमर कसोटीत तसं काहीच नाही. ३१, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, तपासू. ४ पासून सुरुवात. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४, मग १४, मग १९४. इथे भागाकारही करावा लागत नाही: १९४ म्हणजे सहा वेळा ३२ आणि वर २; दर ३२ मागे ३१ जाऊन १ उरतो, म्हणून बाकी ६ + २ = ८. आता ८ चा वर्ग वजा २, म्हणजे ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. घातांकापेक्षा दोन कमी, एवढ्याच पायऱ्या. नव्या संख्येला त्या साडेतेरा कोटींहून जास्त लागतात, तरी संगणकाला झेपतात. विक्रमी मूळ संख्या बहुधा याच जातीच्या का असतात, त्याचं इंगित हेच.

‘आता बँकांची कुलुपं आणखी पक्की होणार,’ हेही ऐकलं. आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्लीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात, पण त्या गुप्त असाव्या लागतात. ही विक्रमी संख्या तर पेपरात छापून आली.